बोरसे सर आणि नेम नसलेले शब्द

शेजारच्या तन्वीच्या तोंडात हल्ली 'रँडम' हा शब्द बसला आहे. रँडम गाणं लागलं, रँडम फोन आला, रँडम भूक लागली. परवा दारात उभी राहून सांगत होती, "काकू, आज कॉलेजात एक रँडम माणूस आला आणि अर्धा तास भाषण देऊन गेला." चौकशी केली तर ते त्यांचे नवे प्राचार्य निघाले. मी हसले खरी, पण मनात म्हटलं, पोरी, तू ज्या घरात भाड्याने राहतेस त्या घराच्या मालकांनी हे ऐकलं नाही ते बरं. ते रागावले नसते. चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारलं असतं, "रँडम, की नुसताच अनोळखी?" आणि तिने नीट उत्तर देईपर्यंत दारातून हलले नसते.

घराचे मालक म्हणजे बोरसे सर. धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे आणि मी मराठी. शाळा एक, गल्ली एक, आणि दोन घरांच्या मधली भिंतही एकच. त्यामुळे त्यांच्याकडे फोडणी कशाला पडली हे मला कळायचं आणि माझा कुकर किती शिट्ट्यांनी बंद झाला हे त्यांना. उंच, जरा पुढे झुकलेले, खिशात कायम दोन पेनं. निळं लिहायला, लाल खोडायला. बोलणं शाळेत शुद्ध मराठी, घरात अहिराणी आणि चिडले की इंग्रजी. पण चिडलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं.

सरांना एक विचित्र नाद होता. कोणी नाणी जमवतं, कोणी पोस्टाची तिकिटं. सर शब्द जमवायचे, आणि तेही एकाच जातीचे. ज्याला नेम नाही, आखणी नाही, हेतू नाही अशा गोष्टींसाठी इंग्रजीत जेवढे म्हणून शब्द आहेत तेवढे त्यांना हवे असायचे. एमलेस, रँडम, हॅपहॅझर्ड, डेसल्टरी, विली-निली, ॲड हॉक. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला त्यातला एक शब्द फळ्यावर यायचा. पोरं 'हॅफॅझर्ड' म्हणायची, सर न कंटाळता 'हॅप' आणि 'हॅझर्ड' वेगळे करून दाखवायचे. मग उदाहरण. ते धुळ्याबाहेरचं कधी नसायचं.

"जुनं धुळं बघा," ते म्हणायचे. "गल्ली नंबर एक, दोन, तीन, चार. पट्टीने आखून काढलेलं गाव. नवखा माणूससुद्धा बरोबर घरी पोहोचेल. आणि आता आपलं देवपूर बघा. ज्याने त्याने आपापलं घर चांगलं बांधलं, पण गल्लीचं कोणी बघितलं नाही. याला म्हणायचं हॅपहॅझर्ड." एमलेस म्हणजे चौकात मधोमध उभा असलेला मोकाट वळू, ज्याचं कुठे जायचं ते अजून ठरलेलं नाही. रँडम म्हणजे आपली लाइट, कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही. डेसल्टरी म्हणजे आमची स्टाफ मीटिंग, जी गणवेशावरून सुरू होऊन कोणाच्या तरी साडूच्या प्लॉटवर संपते. ॲड हॉक म्हणजे वरून येणारे आदेश. हे शेवटचे दोन ते मुलांना सांगत नसत, आम्हाला सांगत.

मी एकदा त्यांना डिवचलं. म्हटलं, "सर, एवढ्या सगळ्याला आमच्याकडे एकच शब्द पुरतो. उगाच. उगाच गेला, उगाच आला, उगाच बोलला."

"मॅडम, तुमची मराठी आळशी आहे."

"आळशी नाही, काटकसरी आहे."

ते हसले, पण मान्य केलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की इंग्रज माणूस टापटिपीचा, त्याला पसाऱ्याची भीती वाटते, म्हणून त्याने पसाऱ्याच्या प्रत्येक प्रकाराला वेगळं नाव ठेवलं. मला तेव्हाच वाटायचं की हे इंग्रजापेक्षा सरांनाच जास्त लागू आहे.

कारण आखणी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. शाळेचं वेळापत्रक ही त्यांची दर जूनची पूजा. संगणक आल्यावरही त्यांनी आपली पद्धत सोडली नाही. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद कापून बोटभर तुकडे करायचे, प्रत्येक शिक्षकाला एक रंग द्यायचा, शाळेतलं एक निखळलेलं दार दोन बाकांवर आडवं टाकायचं आणि त्यावर ते तुकडे मांडत बसायचं. पाटील सरांचा पिवळा, माझा गुलाबी. दोन रंग एका वर्गावर आले की ओठ आवळून म्हणायचे, "क्लॅश." मग एक तुकडा उचलायचा आणि त्याच्यापायी दुसरे चार हलवायचे. शेवटी सगळी शाळा त्या दारावर कुठेही न अडता बसलेली असायची. एका वर्षी चित्रकलेच्या बाईंना सासूला दर मंगळवारी दवाखान्यात न्यावं लागत होतं. त्यांनी शाळेत कोणाला सांगितलं नव्हतं. वेळापत्रक लागलं तेव्हा त्यांचे मंगळवारचे शेवटचे तास मोकळे होते. बाई आभार मानायला गेल्या तर सर म्हणाले, "तुकडे तसे बसले."

घरीही तीच तऱ्हा. बाहेर पडले की एका फेरीत तीन कामं झालीच पाहिजेत. दळण टाकायचं, वाटेत लाइटबिल भरायचं, येताना कोथिंबीर. संध्याकाळी पांझरा नदीच्या पुलावर फिरायला जाणाऱ्या लोकांचं त्यांना नवल वाटायचं. "कुठेही न पोहोचण्यासाठी माणसं बूट घालून निघतात," म्हणायचे. त्यावर वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला भिंतीपलीकडून ऐकू येईल अशा आवाजात म्हणायच्या, "यांनी लग्नात हारसुद्धा घड्याळ बघून घातला."

आमच्या शाळेची हिवाळ्यात भरीत पार्टी व्हायची. खान्देशात भरीत पार्टी ठरवावी लागत नाही, थंडी पडली की ती आपोआप होते. कोणाच्या तरी शेतात जमायचं, कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवायच्या, त्यात हिरवी वांगी भाजायची आणि तोवर गप्पा हाणायच्या. एका वर्षी सरांनी ती हातात घेतली. कोणी किती वाजता निघायचं, वांग्यांना टोचे कोणी मारायचे, मिरच्या-लसूण कोणी ठेचायचं, पुऱ्या कोणी लाटायच्या, सगळं कागदावर. साडेबाराला पंगत. नेमक्या त्या दिवशी पऱ्हाट्या ओल्या निघाल्या. नुसता धूर. वांगी आणणारे पाटील सर वाटेत कोणाकडे तरी चहाला टेकले ते टेकलेच. साडेबाराला आमच्यापुढे कच्ची वांगी आणि चुरचुरणारे डोळे. सर बांधावर कागद धरून उभे. चार वाजता भरीत झालं. भुकेमुळे असेल, पण तसं भरीत मी पुन्हा खाल्लं नाही. सगळे गाणी म्हणत जेवत होते. सरांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "अप्रतिम. आणि शंभर टक्के हॅपहॅझर्ड." पुढच्या वर्षी त्यांनी ती जबाबदारी घेतली नाही.

या शब्दांबाबत त्यांचा एक नियम मात्र कडक होता. ते वस्तूला लावायचे, कामाला लावायचे, सरकारलाही लावायचे, माणसाला कधी नाही. भटू नावाचा एक विद्यार्थी होता. वर्गात बसला तरी डोळे खिडकीबाहेर, रस्त्यावरून जाणाऱ्या बसगाड्यांकडे. पाटील सर एकदा स्टाफरूममध्ये म्हणाले, "एमलेस कार्टं आहे ते." बोरसे सरांनी हातातला कप खाली ठेवला. "पाटील, माणूस एमलेस नसतो. सकाळी उठतो ना तो? कशासाठी तरीच उठतो. आपल्याला दिसत नाही, एवढंच." पाटील सरांनी मान हलवून विषय बदलला. भटू पुढे एसटीत कंडक्टर झाला, आणि सर रस्त्यात दिसले की चालत्या गाडीच्या दारातून वाकून नमस्कार करायला लागला.

सरांना एक मुलगी, जळगावला दिलेली, आणि तिच्या पाठचा हेमंत. हेमंतइतका आज्ञाधारक मुलगा मी पाहिलेला नाही, आणि माझा जन्म शाळेत गेला आहे. वडिलांनी भिंतीवर लावलेला कागद तो अक्षरशः पाळायचा. पहाटे गणित, संध्याकाळी इंग्रजी, रविवारी उजळणी. दहावी उत्तम, बारावी उत्तम, जळगावहून इंजिनिअर. मग पुण्यात राहून स्पर्धा परीक्षा. तिथल्या खोलीच्या भिंतीवरही सरांनीच आखून दिलेला कागद. पूर्व निघायची, मुख्य निघायची, मुलाखतीपर्यंत जायचा आणि यादीत नाव नसायचं. एका वर्षी थोडक्यात गेलं. एका वर्षी परीक्षाच पुढे ढकलली. एका वर्षी निकाल कोर्टात अडकला. सर दर वेळी नवा कागद आखून पाठवायचे. मुलाने एकदाही कुरकुर केली नाही, आणि आता विचार करते तेव्हा मला त्याचीच भीती वाटते.

सर निवृत्त झाले, त्यानंतर कधीतरी हेमंत पुस्तकांची पोती घेऊन परत आला. पोती माळ्यावर टाकली आणि झोपला. दिवस-दिवस झोपला. वहिनी ताट घेऊन खोलीत जायच्या आणि तसंच परत आणायच्या. पुढे तो उठायला लागला, आंघोळ करून सकाळी बाहेर पडायला लागला. दिवेलागणीला परत यायचा. कुठे गेला होतास विचारलं की उत्तर ठरलेलं, "इथंच." सरांना वाटलं, मित्राकडे जात असेल. वहिनींना वाटलं, देवळात जात असेल. मला तो फक्त गल्लीतून जाताना दिसायचा. इस्त्रीचा शर्ट आणि रिकामे हात.

श्रावणात कानबाई, म्हणजे आमची खान्देशातली देवी, आली. आमच्याकडे कानबाईला सगळे भाऊबंद एका घरात जमतात. रोटांसाठी गहू घेताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठी भरतात, आणि त्या पिठाचे रोट घरच्यांनीच खाऊन संपवायचे असतात. वहिनींनी हेमंतच्या नावाची मूठ जरा जास्तच भरली. हेमंत मात्र सकाळीच बाहेर पडलेला. आरती झाली, पंगत बसली, तरी त्याचा पत्ता नाही. मी शेजारीण म्हणून आरतीला गेले होते, दाराशी बसले होते. साक्रीकडून आलेले सरांचे चुलत भाऊ, त्यांना सगळे नाना म्हणत, जेवता जेवता म्हणाले, "मास्तर, पोऱ्या काय करी ऱ्हायना सध्या?"

नानांच्या मनात काही वाईट नव्हतं. आपल्याकडे जिवंत माणसाबद्दल पहिला प्रश्न हाच असतो, सध्या काय करतो, आणि मला तो प्रश्न अलीकडे ऐकवत नाही. एखाद्याचं पोरगं नुसतं श्वास घेत असेल तर तेवढ्यावर लोकांचं भागत नाही. पंगतीतले हात चालू राहिले, पण कान सगळ्यांचे सरांकडे. सर ताटात बघत म्हणाले, "अभ्यास करी ऱ्हायना, नाना." नाना म्हणाले, "आजून अभ्यासच?" आणि पुढचा घास घेतला. वहिनींनी हेमंतच्या वाटणीचं झाकून ठेवलं. तो अंधार पडता पडता आला, देवीपुढे हात जोडले आणि ते सगळं मुकाट्याने खाऊन संपवलं.

तो कुठे जातो ते शेवटी भटूने सांगितलं. ड्यूटी संपवून मुद्दाम घरी आला. वहिनींनी पुढे ठेवलेल्या चहाला हात लावला नाही. म्हणाला, "सर, हेमंतदादा रोज गाडीत दिसतो. कधी माझ्या, कधी दुसऱ्याच्या. चाळीसगाव, शिरपूर, पारोळा, जी गाडी सुटायला लागली तिच्यात बसतो. तिथे उतरून बाकावर बसतो आणि त्याच गाडीने परत येतो. मी विचारलं, दादा, काही काम होतं का? नाही म्हणाला. बोलतो चांगला, सर. पण बघवत नाही."

"कोणाला भेटत असेल," सर म्हणाले.

"नाही, सर."

सरांनी ते मानलं नाही. आणि इथे त्यांनी जी चूक केली ती जन्मभर वेळापत्रक मांडलेला माणूसच करू जाणे. त्यांना वाटलं, एवढ्या फेऱ्या होताहेत म्हणजे त्यात काहीतरी आखणी असणारच, ती आपल्याला सापडत नाही, इतकंच. त्यांनी भटूला आणि त्याच्या दोस्तांना कामाला लावलं. हेमंत आज कुठल्या गाडीत होता ते रोज संध्याकाळी फोन करून कळवायचं. इकडे दिवाणावर पाट ठेवून लग्नपत्रिकांचे तुकडे पुन्हा बाहेर आले. चाळीसगाव पिवळा, शिरपूर हिरवा, पारोळा गुलाबी. वार वरच्या बाजूला, वेळ डावीकडे. हेमंत घराबाहेर असला की मला बोलावून दाखवायचे. "हे बघा, मॅडम. मागच्या मंगळवारी चाळीसगाव, या मंगळवारीही चाळीसगाव. तिथे काहीतरी आहे."

एकदा आवाज खाली आणून म्हणाले, "मुलगी असेल का हो?"

हेच सर मुलीच्या लग्नाच्या वेळी स्थळाच्या मामाच्या मामाची चौकशी करून आले होते. आता म्हणाले, "कोणाची का असेना, कुठल्या का जातीची असेना. मी जाऊन हात जोडीन तिच्या बापापुढे." आत भांडी घासण्याचा आवाज थांबला. वहिनीसुद्धा त्या न पाहिलेल्या मुलीची वाट बघायला लागल्या असाव्यात. मीही लागले, खोटं कशाला बोलू.

पुढच्या मंगळवारी हेमंत साक्रीला गेला. त्याच्या पुढच्या, दोंडाईचाला. सर तुकडे हलवत राहिले आणि एका दुपारी, भर उन्हात, माझ्या ओट्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "मॅडम, रँडम आहे हो."

मी आत जाऊन पाणी आणलं. त्यांनी ते घेतलं आणि पेला हातात तसाच धरून बसले.

तेवढ्यावर ते थांबले असते तर बरं झालं असतं. पण बापाचं मन थांबतं कुठे? त्यांनी विचार केला, पोरगा बसमध्ये बसतोच आहे, तर त्या बसण्यालाच काम लावून देऊ. ललित नावाचा त्यांचा एक जुना विद्यार्थी, मारवाडी घरातला, जळगावात ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान चालवायचा. सरांनी फोन केला. ललित म्हणाला, "सर, यात विचारायचं काय? पाठवा. माझ्या शेजारी बसवतो, घरचाच आहे तो." सरांनी पट्टी घेऊन कागद आखला. सकाळची गाडी, दुपारचा डबा, संध्याकाळची गाडी. हेमंतने कागद वाचला आणि "बरं" म्हणाला. वहिनींनी त्या दिवशी शिरा केला आणि गल्लीत वाटला. मीही दोनदा घेतला.

तो काही दिवस गेला. ललित फोनवर सांगायचा, काम चोख करतो, बोलत तेवढा नाही. मग एका सकाळी तो जळगावच्या गाडीत बसला आणि दुकानात पोहोचलाच नाही. संध्याकाळी घरी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सरांनी आणि भटूने पारोळा, एरंडोल, वाटेतले सगळे स्टँड पालथे घातले. वहिनी फोन मांडीवर घेऊन बसून होत्या, आणि मी त्यांच्यासमोर. आम्ही दोघी एकमेकींना "येईल" म्हणत होतो, दुसरं काय म्हणणार? तो आला तो आपला आपणच, भर दुपारी, पायात चपला नाहीत. वहिनींनी त्याला जवळ घेतलं आणि आत नेलं.

मी घरी आले, तेव्हा भिंतीपलीकडे सर त्याच्याशी हळू आवाजात बोलत होते. "काय व्हयनं, भाऊ? काम जड व्हतं का?"

हेमंतचं एवढं लांब वाक्य मी किती तरी दिवसांनी ऐकलं. "आबा, तेवढंच एक मनं व्हतं. तुम्ही आखेल नव्हतं."

तेवढंच एक माझं होतं, असं तो म्हणत होता, आणि त्यात राग नव्हता. असता तर सरांना सोपं गेलं असतं.

त्यानंतर तो खोलीबाहेरच येईना. जळगावच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हा आजार आहे, आळस समजू नका. गोळ्या लागतील, धीर लागेल. सरांनी विचारलं, "साधारण किती काळ?" डॉक्टर म्हणाले, असं नाही सांगता येत. घरी आल्यावर सरांनी मला हे दोनदा सांगितलं, जसं काही मी त्यावर काही करू शकणार होते.

एका सकाळी मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. पलीकडून सरांचा आवाज आला. हेमंतच्या लोटलेल्या दाराशी उभे राहून बोलत असावेत. "कोठे बी जाय, भाऊ. चाळीसगाव जाय, शिरपूर जाय. काहीच काम करू नको. नुसता बसमा बस आन परत ये. पन असा घरमा ऱ्हावू नको." थोडं थांबून पुन्हा तेच. पुन्हा तेच. एकही फेरी फुकट जाऊ न देणारा हा माणूस मुलाला फुकट हिंडून ये म्हणून विनवत होता. मला ऐकवेना. ओले कपडे बादलीत तसेच टाकून मी खाली आले.

पुढे डॉक्टर जळगावचे आणि लेकही जळगावला, म्हणून त्यांनी इथलं घर तन्वीच्या आई-वडिलांना भाड्याने दिलं आणि लेकीच्या घराजवळ दोन खोल्या घेतल्या. अधूनमधून फोनवर बोलणं व्हायचं. "हेमंत कसा आहे?" विचारलं की सर म्हणायचे, "आहे." मी पुढे विचारत नसे.

गेल्या थंडीत भाचीकडे जळगावला गेले होते. परतीसाठी स्टँडवर आले तर धुळ्याच्या फलाटाशेजारच्या गाडीत बोरसे सर बसलेले. मी खिडकीखाली गेले. ते खिडकीची जागा सोडून पलीकडच्या जागेवर बसले होते, त्यामुळे त्यांना वाकून बोलावं लागत होतं. वाळले होते. दाढी वाढलेली.

"सर, कुठे निघालात?"

"अरे, मॅडम." ते हसले. "ही कुठे जाते ते बघितलं नाही हो. जरा पाटी वाचता का?"

मी पुढे जाऊन पाटी वाचून आले. "चोपडा."

"असं का? बरं. म्हणजे वाटेत तापी लागेल."

म्हणाले, रोज सकाळी येतो. निघताना हेमंतला विचारतो, चलतोस का. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. मग एकटाच येऊन जी गाडी लागलेली असेल तीत बसतो. "तो काय बघत होता ते बघावं म्हटलं. तसं काही नाही, मॅडम. शेतं जातात, गावं जातात. केळी, केळी, केळी. पण डोकं जरा गप्प बसतं." मग आणखी वाकून, कोणी ऐकू नये अशा बेताने म्हणाले, "काल विचारलं तेव्हा 'बघू' म्हणाला."

"बघू म्हणाला?"

"बघू. नाही म्हणाला नाही."

मी चष्मा काढून पुसला. गाडी भरायला लागली होती. एक बाई पिशवी सांभाळत सरांजवळ येऊन थांबली. खिडकीच्या रिकाम्या जागेवर सरांनी आपला रुमाल पसरून ठेवलेला होता, तो आता माझ्या लक्षात आला.

"बाबा, आठे कोनी शे का?" बाईने त्या जागेकडे बोट करून विचारलं.

"शे," सर म्हणाले. "येस तो."

कोणी यायचं आहे असं समजून बाई मागे गेली. कंडक्टर तिकिटं फाडत पुढून सरकत आला. "कुठे, बाबा?"

"शेवटपर्यंत. दोन द्या."

कंडक्टरने रुमालाकडे बघितलं. मग खिडकीतून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने दोन तिकिटं काढून सरांच्या हातात दिली.